घरच्या माणसाला लाल कार्ड

गुरुग्राम
७ जुलै २०२५

लुंबिनी,

काल संध्याकाळपासून तुला फोन करतोय. तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, उत्तर देत नाहीस. आईने केला की मात्र उचलतेस आणि तिला सांगतेस, दादाला म्हणावं लेखी पाठव. ठीक आहे. लेखी पाठवतो.

लाल कार्ड दाखवण्यासारखं काल काय झालं? तो मुलगा चेंडू घेऊन माझ्या अंगावर आला, मी त्याला अडवलं. शेवटच्या क्षणी तो वाकला. मी हात छातीच्या उंचीवर टाकला होता, तिथे त्याची मान आली. यात माझा दोष काय? पिवळं दाखवलं असतंस तर थोडा वेळ बाहेर बसलो असतो, पाणी प्यायलो असतो, परत आलो असतो. तू माझी मावसबहीण असून सरळ लाल काढलंस. पोरांनी उरलेली सेमीफायनल एक माणूस कमी असताना खेळून जिंकली, ती त्यांची कमाल.

सत्तावीस तारखेला फायनल आहे. कार्ड कायम राहिलं तर फायनलला मी नाही. मी नाही म्हणजे हुकर नाही. स्क्रममध्ये पुढच्या रांगेत मधोमध कोण उभं राहणार? यार, हे काही क्रिकेट नाही, की कोणालाही पकडून उभं केलं. दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत डोकी घालून ढकलतात. मधला कच्चा असला तर त्याची मान मोडते. म्हणून आपल्या स्पर्धेत नियम आहे: सामना सुरू करताना पुढच्या रांगेत तीन शिकलेली माणसं नसतील तर संघ बाद. आम्ही बाद झालो की सेमीफायनलला हरलेला दिल्लीचा संघ आमच्या जागी फायनलला. दुसरा हुकर मी आणू कुठून? ऑफिसात अजून लोक विचारतात, रग्बी म्हणजे ते हेल्मेटवालं ना?

सोळा वर्षं हा क्लब चालवतोय. रविवारी सकाळी लोकांना झोपेतून उठवून मैदानावर आणतोय. पहिल्यांदा फायनल आली.

तुझा अहवाल अजून गेलेला नाही. त्यात एवढंच लिही, की खेळाडू वाकला आणि रेफरीला नीट दिसलं नाही. फार काही मागत नाही.

विनय

•

वैशाली, गाझियाबाद
८ जुलै २०२५

विनयदादा,
जय भीम.

फोन उचलत नाही, कारण नियम तसा आहे. कार्ड दाखवल्यापासून सुनावणी होईपर्यंत रेफरी आणि खेळाडू यांनी एकमेकांशी बोलायचं नाही. जे असेल ते लेखी, आणि प्रत्येक पत्र फाइलला जोडायचं. एका कॅप्टनने घरी फोन करून रेफरीकडून अहवाल बदलून घेतला होता, त्यानंतर हा नियम तूच लिहिलास. टाइप मी केला. तेव्हा तू म्हणाला होतास, यातून कोणी सुटता कामा नये.

त्यामुळे तुझं कालचं पत्र फाइलला गेलं आहे. हेही जाईल.

मुलगा वाकला नव्हता. तो सरळ पळत होता. मी शेजारी होते आणि मला नीट दिसलं. तुझा हात सुरुवातीपासून त्याच्या खांद्याच्या वर होता. मान हाताखाली आल्यावर तो काढायला वेळ होता. तू काढला नाहीस.

अहवाल सुनावणीच्या आधी शिस्तपालन समितीच्या सचिवांकडे द्यायचा आहे. सचिव तू आहेस. तुझ्याबद्दलचा अहवाल तुझ्याकडेच पाठवायचा की आणखी कोणाकडे, हे सचिव म्हणून कळव.

लुंबिनी

•

गुरुग्राम
९ जुलै २०२५

माननीय पंच,

आपले पत्र मिळाले. अहवाल सचिवांकडेच पाठवावा. समितीचे सध्या तीन सदस्य उपलब्ध आहेत: कर्नलसाहेब, गुहा सर आणि सचिव. सुनावणीस तिघांची उपस्थिती आवश्यक आहे. चौथे सदस्य मुलीकडे कॅनडाला गेले असून त्यांच्या परतण्याची तारीख कळलेली नाही. सुनावणी शनिवार, १९ जुलै रोजी गुहा सरांच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत होईल. सचिव स्वतः आरोपी असल्याने मत देणार नाहीत. मात्र हजर राहतील आणि कामकाज लिहून घेतील.

हे सचिव म्हणून झालं. आता दादा म्हणून.

माझ्या जागी बसायला मी चार जणांना विचारलं. एक म्हणाला, मला नियम माहीत नाहीत. एक म्हणाला, मला तुम्ही माहीत आहात. आमच्या सोसायटीच्या खजिनदाराला विचारलं तर तो म्हणतो, चेंडू मागे फेकून पुढे पळायचं हा खेळच संशयास्पद आहे, यात शिस्त कसली लावता? अच्छा, उरलेल्या एकाने फोन कापला. आता मीच माझ्यावर खटला भरायचा, खोली मिळवायची, खुर्च्या लावायच्या, चहा सांगायचा आणि शेवटी स्वतःची शिक्षा सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायची.

आणखी एक. मॅचनंतर यजमानांनी पाहुण्या संघाला आणि रेफरीला जेवू घालायचं, हा या खेळाचा रिवाज आहे. रविवारी आईने पहाटेपासून पाटोडीचा रस्सा केला होता. ज्यांनी आम्हाला तुडवलं ते पोटभर जेवले. तू आली नाहीस. मैदानावरून परस्पर मेट्रोने गेलीस. आई दहा वेळा विचारत होती, लुंबिनी कुठे राहिली? मी काय सांगायचं?

विनय

•

वैशाली
११ जुलै २०२५

विनयदादा,
जय भीम.

अहवालात तीन गोष्टी विचारल्या आहेत. काय घडलं, कार्ड का दाखवलं, आणि खेळाडू पंचाला काही बोलला का. पहिल्या दोन लिहून झाल्या. तिसरी लिहायची आहे.

तू बोललास. कार्ड दाखवल्यावर, बाहेर जाताना, माझ्याजवळ थांबून, मराठीत.

रेफरीशी फक्त कॅप्टनने बोलायचं असतं. ती सवलत तू पुरेपूर वापरतोस. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत माझ्या मागे मागे पळत मराठीत बोलत राहतोस. लुंबे, हे काय दिलंस. लुंबे, जरा इकडे बघ. लुंबे, डोळे तपासून घे. बाकीचे एकोणतीस जण मला सर म्हणतात. मी बाई आहे हे त्यांना दिसतं, तरी या खेळात रेफरीला सर म्हणतात म्हणून म्हणतात. मला त्याची गंमत वाटते, पण त्यात एक अंतर आहे आणि ते मला हवं असतं. तू ते ठेवत नाहीस. समोरचा संघ वैतागतो. त्यांना वाटतं आपण दोघं काहीतरी ठरवतोय. मी तुला इंग्रजीत उत्तर देते. तू परत मराठीत सुरू करतोस.

कार्डानंतर जे बोललास ते मला आठवतं. पण ते मी लिहिण्याआधी तू स्वतः लिहून पाठवावंस, अशी विनंती आहे. तुझे शब्द आहेत. माझ्याकडून एखादा इकडेतिकडे व्हायला नको.

लुंबिनी

•

गुरुग्राम
१२ जुलै २०२५

लुंबिनी,

घरी ये, मग बघतो. हे बोललो. एवढंच बोललो. झालं समाधान?

हे वाक्य आई मला आठवड्यातून एकदा म्हणायची. मावशी तुला म्हणत नव्हती? पुसदच्या प्रत्येक घरात प्रत्येक पोराने ते ऐकलेलं आहे आणि पुढे काहीही झालेलं नाही. आपण घरी जायचो आणि जेवून झोपायचो. तू ते इंग्रजीत लिहिणार आणि कर्नलसाहेब वाचणार, की कॅप्टनने पंचाला घरी बोलावून पाहून घेण्याची धमकी दिली. कर्नलसाहेब फौजेतले आहेत. ते मला लष्करी कोर्टातच उभं करतील.

नीट ऐक. नुसत्या टॅकलसाठी समिती मला एक सामना बाहेर ठेवेल, किंवा कर्नलसाहेबांचा मूड चांगला असला तर सेमीफायनलला जेवढा वेळ बाहेर होतो तेवढी शिक्षा पुरे म्हणेल. मी फायनल खेळू शकेन. आशा आहे. पंचाला धमकी असं लिहिलं गेलं की कमीत कमी वर्षभर बंदी. त्यात समितीच्या हातातही काही नाही. मी एक्केचाळीसचा आहे. वर्षभर बाहेर बसलेला बेचाळीसचा हुकर पुढच्या रांगेत परत उभा राहत नाही. तेव्हा हा तिसरा मुद्दा म्हणजे माझी फायनल आणि माझा खेळ, दोन्ही.

आणि ऐकलं कोणी? मैदानावर मराठी कळणारे तीन जण. तू, मी, हरिदास. हरिदास लातूरचा, आमच्या संघाचा, बँकेत आहे, दिवसभर तोंड बंद ठेवण्याचाच पगार घेतो. तिसरा मुद्दा रिकामा ठेव. कोणी विचारणार नाही.

आईने काल पुसदला फोन केला. मावशीला सांगितलं, की लुंबिनीने विनयला सगळ्यांसमोर बाहेर काढलं आणि घरी जेवायलाही आली नाही. मी करू नको म्हणालो नाही. खरं तेच सांगितलं तिने.

विनय

•

वैशाली
१५ जुलै २०२५

विनयदादा,

मैदानावर मराठी कळणारे चार जण होते.

ज्याला तू पाडलंस त्याचं नाव चैतन्य इंगोले. हिंगोलीचा आहे. राजेंद्रनगरला खोली घेऊन राहतो. यूपीएससीची पूर्वपरीक्षा पास झाला आहे, पुढच्या महिन्यात मुख्य परीक्षा. वाचून वाचून डोकं बधिर होतं म्हणून रविवारी खेळायला येतो. गावाकडे कबड्डी खेळायचा, दिल्लीच्या संघातल्या कोणीतरी त्याला ओढून आणलं.

त्याने मला फोन केला. सुनावणीला यावं लागेल का, हे विचारायला. तो मराठीत बोलायला लागला. मग त्यालाही म्हणाले, लेखी पाठव. त्याने पाठवलं. दोनच वाक्यं उतरवते: "दादा तुम्हाला काय बोलले ते मी पडल्या पडल्या ऐकलं. मी कोणाला सांगणार नाही ताई, आपलीच माणसं आहेत."

त्याने आपल्या कॅप्टनला सांगितलं असतं तर त्याचा संघ फायनलला गेला असता. त्याला ते माहीत आहे. तरीही तो सांगत नाही, कारण मी, तू आणि तो एका भाषेत बोलतो. हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. आता चार माणसांनी मिळून रिकामी ठेवायची ती जागा, आणि भरायची असेल तर ती मी एकटीने.

तू विचारशील म्हणून आणखी एक सांगते. लाइनआउटला चेंडू रेषेबाहेरून दोन्ही संघांच्या रांगांमधे फेकण्याआधी तू हरिदासला मोठ्याने सांगतोस, मागे टाकतो, पुढे टाकतो, मधे टाकतो. दिल्लीत कोणाला मराठी येत नाही असं तू धरून चालतोस. चैतन्य दोन हंगाम ते ऐकतो आहे. तो तिथेच उडी मारतो.

लुंबिनी

•

गुरुग्राम
१७ जुलै २०२५

लुंबिनी,

दोन हंगाम.

दोन हंगाम मी डोकं आपटतोय. दिल्लीविरुद्ध आपला एकही लाइनआउट आपल्याला का मिळत नाही म्हणून. मी फेकण्याची पद्धत बदलली. उचलणारी पोरं बदलली. सराव वाढवला. हरिदासला वजन कमी करायला लावलं, बिचाऱ्याने महिनाभर भात सोडला. आणि तुला हे सगळं दिसत होतं? तू दर वेळी शेजारी शिट्टी तोंडात धरून उभी असतेस, तुला कळायचं चेंडू कुठे जाणार, त्यालाही कळतंय हे तुला कळलं नाही? आता म्हणशील, रेफरीने सांगायचं नसतं. माहीत आहे. नको लिहूस.

मी त्याला भेटायला गेलो. नियमात बसत नाही. फाइलला लाव.

खरं सांगायचं तर भेटायला नाही, पक्कं करायला गेलो होतो, की तो शनिवारी काही बोलणार नाही. जिन्यावरून दोन माणसं एकदम जाऊ शकत नाहीत अशी इमारत. खोलीत पलंग, टेबल आणि एक कपाट. त्याच्या गळ्यात पट्टा आहे. हाड ठीक आहे, स्नायू दुखावलेत, म्हणाला. खाली मान घालता येत नाही. मुख्य परीक्षेला दिवसभर पेपर लिहायचे असतात, त्याचा सराव बसून जमत नाही, म्हणून त्याने कपाटाच्या दारावर कोरे कागद चिकटवलेत आणि उभ्याने, डोळ्यांसमोर हात धरून उत्तरं लिहितो. मी गेलो तेव्हा दार अर्धं भरलं होतं. तो मागे वळला तो सगळा वळला, मान नाही वळली.

मला बसायला खुर्ची दिली. चहा केला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "दादा, ती तुमची पोरं हरियाणाची, हरिदासभाऊ एकटे मराठी. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही भाषण का देता?"

मी हसलो. त्याला हसताना दुखत होतं.

मग मी म्हणालो, तू वाकला होतास ना? तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं सांगतो. अगदी सहज म्हणाला. साखर अजून हवी का, तसं. मला तिथे बसवेना. चहा अर्धा टाकून उठलो.

टॅकल उंच होता. हे लिहून देतो. कार्ड बरोबर होतं, अपील करणार नाही. कर्नलसाहेब ठरवतील ती शिक्षा घेईन. फायनल गेली तरी.

पण दुसरी गोष्ट मी मान्य करणार नाही. नियम नीट वाच, मीच लिहिलेला आहे. बोललेले शब्द धमकी होते की नाही हे पंचाला काय वाटलं त्यावर ठरतं. तुला माझी भीती वाटली का? माझी? दिल्लीत आलीस तेव्हा वर्षभर आमच्या घरी राहिलीस. मैदान मी दाखवलं. पहिली शिट्टी मी घेऊन दिली. एका शब्दात उत्तर लिही आणि हा विषय संपव.

विनय

•

वैशाली
१८ जुलै २०२५

विनयदादा,

होय.

एका शब्दात मागितलंस, दिलं. पण तू उद्या हे समितीला वाचून दाखवणार आहेस, तेव्हा तुला तरी पूर्ण कळलेलं असावं.

तू मला मारशील असं कधी वाटलं नाही. तसा तू नाहीस.

मागच्या हिवाळ्यात तुमच्या संघाच्या एका ट्रायचे गुण मी नाकारले होते. चेंडू हातातून पुढे निसटला होता. संध्याकाळी नेहमीसारखी तुमच्याकडे जेवायला आले. तू तेव्हाही मैदानातून जाताना हेच म्हणाला होतास. जेवताना बाबांचा फोन आला. तू माझ्या हातातून घेतलास आणि स्पीकरवर हसत हसत म्हणालास, काका, तुमची मुलगी दिल्लीत येऊन फार मोठी झाली, तीस बाप्यांना शिट्टीवर नाचवते, आता कोणाचं ऐकत नाही. सगळे हसले. मावशी हसली. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाबांचा फोन आला. तीस बाप्ये म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं. त्यांना मी सांगितलं होतं की रविवारी खेळाच्या क्लबचं काम बघते. मग म्हणाले, नागपूरला बदली मागून घे. विनय आहे म्हणून तुला तिथे पाठवलं, तोच म्हणतोय ऐकत नाहीस. तो विषय शांत व्हायला होळी आली. त्या काळात मी आईशी रोज खोटं बोलले. तुला हे सांगितलं नाही, कारण तू ते परत हसत हसत फोनवर सांगितलं असतंस.

तुझ्यासाठी ती गंमत होती. तुला आठवतही नसेल. मला प्रत्येक सामन्यात आठवते. तुझ्याविरुद्ध शिट्टी वाजवायला हात उचलते तेव्हा मी आधी पुसदचा विचार करते, मग नियमाचा. त्यात किती वेळ जातो ते तुला दिसत नाही. दोनदा मी शिट्टी वाजवली नाही. दोन्ही वेळा वाजवायला हवी होती. या वेळी वाजवली, आणि तू जवळ येऊन तेच वाक्य बोललास. मावशीने पुसदला फोन केला. काल बाबांनी बदलीचं परत काढलं. वाक्याच्या पुढे काही होत नाही असं तू लिहिलं होतंस.

पंचाला काय वाटलं, हे विचारलंस. असं वाटलं. तिसरा मुद्दा मी तुझ्याच शब्दांत भरला आहे आणि अहवाल पाठवला आहे.

तुझी फायनल आणि तुझा खेळ जाणार हे मला माहीत आहे.  यावर उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

लुंबिनी

•

गुरुग्राम
२८ जुलै २०२५

लुंबिनी,

आता बोलायला बंदी नाही. तरी लिहितोय. बोललो असतो तर मधेच काहीतरी गंमत केली असती.

सुनावणीत काय झालं ते तुला निकालाच्या पत्रात कळलं असेल. त्यात नाही ते सांगतो. गुहा सरांनी फाइल उघडली आणि म्हणाले, ही पत्रं मराठीत आहेत, वाचून दाखवा. कोण वाचणार? सचिव. मी माझीच पत्रं एकेक करून हिंदीत सांगितली. क्रिकेट नाही यार, हेही सांगितलं. लष्करी कोर्टाचं सांगताना कर्नलसाहेबांकडे बघितलं नाही. तिसरा मुद्दा रिकामा ठेव, हे सांगताना गुहा सर म्हणाले, जरा हळू, मी लिहून घेतोय. लाइनआउटचं आलं तेव्हा दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कर्नलसाहेब म्हणाले, फौजेत यासाठी माणसाला गोळी घालतात.

मग तुझं शेवटचं आलं. मी होय म्हणालो आणि थांबलो. पुढचं गाळता आलं असतं. त्यांना काय कळणार होतं? पण कर्नलसाहेब पानाकडे बघत होते, पान भरलेलं दिसत होतं. सगळं सांगितलं. ट्राय, जेवण, स्पीकर. मला ते जेवण आठवत नव्हतं. सांगता सांगता आठवलं. काका हसले नव्हते. फोनवर फक्त आमचंच हसणं ऐकू येत होतं.

कर्नलसाहेबांनी विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? मी नाही म्हणालो. एक वर्ष. मीच लिहून घेतलं.

पोरांना सांगितलं तेव्हा हरिदास म्हणाला, दादा, मग मी भात खाऊ का?  दोघांनी दुसऱ्या दिवशी ग्रुप सोडला. रागावलेत, आणि त्यांचं बरोबर आहे. सोळा वर्षांत एकदा फायनल आली आणि कॅप्टनच्या तोंडामुळे गेली. मला अजून तुझा राग येतो. सकाळी दाढी करताना येतो. मग उरलेली दाढी करेपर्यंत माझा येतो. हे संपेल असं मला वाटत नाही, आणि तुझ्यासाठी मी ते संपलं असंही म्हणणार नाही.

काल फायनल पाहिली. दोरीच्या बाहेर उभा होतो. दिल्लीवाले हरले, पण नीट हरले. तू पहिल्या भागात त्यांच्याविरुद्ध एक पेनल्टी दिलीस, ती मला चुकीची वाटली. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

आज सकाळी पुसदला काकांना फोन केला. आई शेजारी बसली होती, तिला उठून जा म्हणालो नाही, ऐकू दिलं. काका आधीच तापलेले होते. त्यांनी विचारलं, तिने तुला बाहेर काढलं हे खरं का? मी हो म्हणालो.

"उगाच काढलं?"

"नाही. मी एका पोराच्या मानेवर हात टाकला. तो अजून पट्टा लावून फिरतोय. आणि काढल्यावर तिला घरी ये, मग बघतो म्हणालो. त्याची वर्षभराची शिक्षा झाली. ती पण बरोबर झाली."

  काका म्हणाले, "आम्ही तिला तिथे तुझ्या भरवशावर ठेवली होती, विनय."

 मग त्यांना तीस बाप्ये काय ते सांगितलं. मागच्या हिवाळ्यात सांगितलं तसं नाही. खेळ कसा असतो, रेफरी काय करतो, दिल्लीच्या आसपास फायनल द्यावी असे रेफरी किती आहेत आणि कालची तुला का दिली, हे सांगितलं. ते मधे मधे विचारत होते. चेंडू मागे का फेकतात हे त्यांना काही केल्या पटलं नाही. आई मधेच उठली आणि आत गेली. अजून माझ्याशी बोललेली नाही.

शेवटी काका म्हणाले, "मग त्या बदलीचं काय करायचं?"

मला त्यांचा राग आला. नेहमीसारखा मलाच विचारत होते. आणि नेहमीसारखं माझ्याकडे उत्तर तयार होतं, जिभेवर होतं.

मी म्हणालो, "काका, मला काय विचारता? तिला विचारा."

विनय